सिलिकॉनला हळदीकुंकू

मानेवाडा, नागपूर
संक्रांत होऊन गेल्यानंतरचा बुधवार

तीर्थस्वरूप वामनदादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, जयवंताचा, नमस्कार पोचावा. आम्ही इकडे खाऊनपिऊन बरे आहोत. तिकडे उमरेडला तू, वहिनी, गाईम्हशी, आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकून दमलेला तुझा तो म्हातारा कुत्रा, सगळे धडधाकट असाल असं धरून चालते. वहिनीचा खोकला गेला का? (गेला नसेल तर तिला सांग, अडुळशाचा काढा म्हणजे अडुळशाचाच काढा. त्यात स्वतःची हुशारी म्हणून मिरं वाढवायचं नसतं.) तू चहात साखर घालणं सोडलंस हे कळलं. पेढे सोडलेस का, ते मात्र कोणी कळवलं नाही. धान घरात आलं असेलच.

फोन असताना पत्र काहून, असं तू म्हणशील. फोनवर वहिनी लगेच आवाज मोठा करते, मग मी इकडे बोलते आणि तिकडे तुझा गडी हसतो. शिवाय तू दर दोन वाक्यांनंतर 'बरं, ठेवू काय?' म्हणतोस. पत्र तू मध्येच खाली ठेवलंस तरी मला दिसत नाही, म्हणून राग येत नाही. (बोलताना मी मले-तुले करते हे खरं, पण कागद समोर आला की शाळेतल्या मास्तरांची छडी आठवते आणि हात आपोआप शुद्ध चालायला लागतो. हसू नको.)

तर सांगायचं आहे ते आपल्या भूमिकाविषयी आणि सिलिकॉनविषयी. भूमिका म्हणजे आपल्या बंटीची बायको. हे मी तुझ्यासाठी नाही, वहिनीसाठी लिहिते आहे, कारण ती मागच्या वेळी तिला 'मोहिनी' म्हणून हाक मारत होती आणि ती बिचारी ओ देत होती. लग्नाला तीन वर्षं होत आली. आमचं सासूसुनेचं भांडण कधी झालं नाही, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगत असे. दादा, भांडण व्हायला आधी बोलणं व्हावं लागतं. 'जेवली काय?' 'हो जी.' 'बस आली काय?' 'हो जी.' एवढ्यात आमचा दिवस मावळायचा. ती इंजिनीअर आहे, बुटीबोरीला कारखान्यात जाते, तिथे सूर्यावर वीज तयार करणाऱ्या पाट्यांचं काहीतरी होतं, आणि ते सिलिकॉनचं असतं, एवढं मला ठाऊक होतं. एवढं ठाऊक असणं फार वाईट. काहीच ठाऊक नसतं तर पुढचं टळलं असतं.

झालं असं की आमच्या महिला मंडळात यंदा संक्रांतीचं वाण काय लुटायचं यावर चर्चा चालली होती. शेजारच्या यमुताई मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या सुनेने पुण्याहून त्यांना सिलिकॉनचा उलथणं-चमचा पाठवला होता. तो वाकतो, तापत नाही, भांड्याला ओरखडा पडू देत नाही, असं कौतुक करून त्यांनी तो सगळ्यांच्या हातातून फिरवला. मी सहज म्हणाले, 'आमची भूमिका सिलिकॉनच्याच कारखान्यात आहे की.' बस्स! क्षणात मी मंडळातली सगळ्यात महत्त्वाची बाई झाले. कोणाला केकचे साचे पाहिजेत, कोणाला बर्फाचे ट्रे, कोणाला कुकरच्या रिंगा. पार्वतीबाईंना तर नातवाच्या दुधाच्या बाटलीची बुचंसुद्धा. मी म्हणाले, 'हो, आणते ना, घरचाच कारखाना आहे.' (घरचा कसा, ते मला कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.)

आणि योग कसा पाहा, त्याच आठवड्यात भूमिकाच्या कारखान्यात कुटुंबमेळावा ठरला. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनी यावं, कारखाना पाहावा, जेवावं. बंटीला सुट्टी नव्हती. भूमिकाने मला भीतभीत विचारलं, येता काय म्हणून. मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. सीताबर्डीला जाऊन एक मोठी, चेन लावायची, चाकांची पिशवी घेऊन आले. वाण आणायचं तर पिशवी नको का? सकाळी कंपनीच्या बसमध्ये मी ती रिकामी पिशवी घेऊन चढले तेव्हा भूमिका तिच्याकडे पाहून म्हणाली, 'आई, आपण संध्याकाळी परत येतो जी.' तिला वाटलं मी मुक्कामाला निघाले.

कारखान्यात आम्हाला एका थंडगार सभागृहात बसवलं. तिथले मोठे साहेब, सुमंत नावाचे, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे, पण फार गोड बोलणारे. त्यांनी स्वागत केलं आणि म्हणाले, कोणाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचारा. सगळे गप्प. मला वाटलं, आपल्या सुनेच्या साहेबांचा मान राहिला पाहिजे. मी उभी राहिले आणि विचारलं, 'साहेब, कुकरच्या रिंगा होलसेल भावात भेटतील काय? आन् बर्फाचे ट्रे रंगीत आहेत का फक्त पांढरे?'

दादा, त्या सभागृहात जे हसू उठलं ते मला अजून ऐकू येतं. भूमिका आपल्या चपलांकडे पाहत होती. सुमंत साहेब मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, 'काकू, तुम्ही चुकलात ते फक्त एका मात्रेने.' मग त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. सिलिकॉन आणि सिलिकोन. पहिल्यावर चंद्र, दुसऱ्यावर मात्रा. सिलिकॉन हा मूळ पदार्थ, करडा, चकाकणारा, काचेसारखा ठिसूळ. सिलिकोन हे त्याच्यापासूनच बनवलेलं रबरासारखं लवचीक काम. तुमच्या कुकरच्या रिंगेत सिलिकॉन आहेच, फक्त ते प्राणवायूशी आणि आणखी कोणाकोणाशी संसार थाटून बसलंय, असं ते म्हणाले. म्हणजे मी अर्धी बरोबर होते. हे मी मागे वळून हसणाऱ्यांना सांगितलंही, पण तोवर ते चहाला उठले होते.

चहानंतर मांडणी पाहायला गेलो. तिथे टेबलांवर सिलिकॉन कुठेकुठे असतं ते ठेवलं होतं आणि मी पहिल्याच टेबलाशी अडकले. कारण तिथे होती गारगोटी! आपण नदीवरून आणून अंधारात एकमेकींवर घासायचो आणि आत उजेड पेटायचा, तीच. गारगोटी, रेती, हे सगळं सिलिकॉन आणि प्राणवायूचं. निम्म्याहून थोडं जास्त वजन प्राणवायूचं, उरलेलं सिलिकॉनचं. म्हणजे रेतीच्या ढिगावर आपण बसतो तेव्हा अर्धेअधिक हवेवरच बसतो, असा मी हिशेब लावला. भूमिका म्हणाली, 'तसं म्हणता येईल जी.' पृथ्वीच्या कवचात प्राणवायूच्या खालोखाल हेच भरलंय. गारगोटी कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत घातली की कोळसा प्राणवायूला घेऊन उडून जातो आणि सिलिकॉन एकटं मागे राहतं.

दुसऱ्या टेबलावर लोखंडाच्या पातळ पट्ट्या होत्या. विजेच्या डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरात, त्या असतात, आणि त्यात थोडं सिलिकॉन मिसळलं नाही तर डीपी उगाच तापून वीज खाईल. (तुझ्या शेतावरची डीपी जळते त्याला सिलिकॉन जबाबदार नाही, हे मी खास विचारून घेतलं.) फटफटीच्या इंजिनातला दट्ट्या अॅल्युमिनियमचा असतो, त्यातही सिलिकॉन, म्हणून तो झिजत नाही. विळ्याला धार लावायचा दगड असतो ना काळा, चमचमणारा, तोही सिलिकॉन आणि कोळशाच्या मिलाफाचा. नव्या चपलांच्या डब्यात 'खाऊ नये' लिहिलेली पुडी येते, ती याच घराण्यातली. आणि शेवटी एका वाटीत चक्क धानाच्या कोंड्याची राख! दादा, धान जमिनीतून हेच शोषून घेतं आणि पातीत, टरफलात साठवतं. धानाच्या पातीने हात चिरतो, विळा लवकर बोथट होतो, ते यामुळे. इतकी वर्षं आपण ज्याला शिव्या देत कापणी केली तो हा गृहस्थ. भातगिरणीमागे कोंड्याचे ढीग पडतात, त्यांच्या राखेतून लोक तो पुन्हा काढतात, सिमेंटात घालतात, टायरात घालतात.

मग एका पोराने, म्हणजे चांगला दाढीवाला इंजिनीअर होता, मला एका कॅमेऱ्यासमोर उभं केलं. तो कॅमेरा उजेड पाहत नाही, माणसाची ऊब पाहतो. पडद्यावर माझं कपाळ लालपिवळं आणि नाक निळं दिसत होतं. (नाक थंड असतं म्हणे. यमुताईंचं कसं दिसेल या विचाराने मला फार बरं वाटलं.) त्याने माझ्या तोंडासमोर स्वच्छ काच धरली. साध्या डोळ्यांना मी काचेतून लख्ख दिसत होते, पण पडद्यावरून गायब! उबेला काच ओलांडता येत नाही. मग त्याने काच काढून सिलिकॉनची आरशासारखी करडी चकती धरली. आता समोरच्यांना माझं तोंड अजिबात दिसेना, आणि पडद्यावर मात्र मी हजर, लाल कपाळ, निळं नाक, सगळं. जे आपल्याला आरपार दिसतं ते उबेला भिंत, आणि जी आपल्याला भिंत दिसते ती उबेला उघडी खिडकी. मी तिथून हलेना. मागे रांग लागली होती. एका बाईने 'चला ना हो' म्हटलं, तरी मी आणखी एकदा काच धरायला लावली.

तोवर माझी पिशवी भूमिका ओढत होती आणि मी प्रश्न विचारत होते. सुमंत साहेबही आमच्या मागेमागे येऊ लागले. त्यांनी सांगितलं, मोबाइलच्या चिपसाठी सिलिकॉन इतकं शुद्ध करतात, की दोन ट्रक तांदूळ निवडावा आणि त्यात एखादाच खडा राहावा. मी म्हटलं, वा! तर म्हणाले, आणि एवढं शुद्ध झालं की मग त्यात मुद्दाम भेसळ करतात. कारण शुद्ध सिलिकॉन कामाचंच नसतं, त्यातून वीज धड जात नाही. चिमूटभर फॉस्फरस नाहीतर बोरॉन घातलं की ते जागं होतं. मी म्हणाले, 'म्हणजे विरजण!' साहेब थांबले, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि म्हणाले, 'काकू, इतकी वर्षं मी नव्या मुलांना हे शिकवतोय, मला हा शब्द सुचला नाही.' भूमिकाने पहिल्यांदा चपलांवरून नजर वर केली.

त्यांनी आणखी एक सांगितलं, त्यावर मी अजून विचार करते आहे. डब्यातलं तूप थिजतं तेव्हा मधोमध खळगा पडतो, कारण ते आकसतं. वितळलेलं सिलिकॉन थिजताना उलट फुगतं. पाण्याचा बर्फ फुगतो तसं. आणि त्याचा घट्ट तुकडा त्याच्याच रसावर तरंगतो. मी विचारलं, मग भांडं नाही का तडकत? ते म्हणाले, तडकतं ना, म्हणून तर एवढी निगराणी.

आता येते ती मुख्य गोष्ट. बाकीच्यांनी यंत्रं काचेबाहेरून पाहायची होती, पण साहेब खूश झाले होते, त्यांनी भूमिकाला सांगितलं, सासूबाईंना आत घेऊन जा. आत जायचं म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवायचा. तोंडाला फडकं, केसांवर टोपी. पावडर नको, अत्तर नको, दागिना नको. माणसाच्या घामातलं मीठसुद्धा तिथे वैरी. मी नऊवारी नाही, साधीच साडी नेसले होते, पण ती सगळी त्या पोशाखाच्या पायांत कोंबल्यावर मी कापसाच्या गाठीसारखी दिसत होते. दारावरच्या मुलीने विचारलं, 'काकू, पदरात काही नाही ना?' मी म्हटलं, नाही. (पदरात नव्हतंच. बाहीत होतं.)

बाहीत होती हळदीकुंकवाची डबी. आता तूच सांग, संक्रांतीचे दिवस, सुनेच्या कामाची जागा पहिल्यांदा पाहायची, एवढी यंत्रं, ज्यांच्यावर घर चालतं, त्यांना कुंकू न लावता परत यायचं? तू नवा ट्रॅक्टर आणलास तेव्हा कुंकू कोणी लावलं होतं? मीच ना? पोशाख चढवतानाच मी ती कमरेतून काढून हळूच बाहीत सरकवून घेतली होती.

आत जाण्याआधी एक काचेची कोठडी लागते. त्यात उभं राहायचं, हात वर करायचे आणि हळूहळू गिरकी घ्यायची. चारी बाजूंनी वारा येतो आणि अंगावरचा कणन् कण उडवून नेतो. हवेची आंघोळच म्हण. भूमिकाने सगळं नीट समजावलं, तीही माझ्यासोबत आत उभी राहिली, दार बंद झालं. मला वाटलं, यंत्रं आता समोरच असतील, डबी तयार ठेवावी. मी अंगठ्याने झाकण उघडलं, आणि त्याच क्षणी वारा सुटला.

दादा, रंगपंचमी पाहिली आहेस, गुलाल उधळलेला पाहिला आहेस. एका कोठडीत दोन बायका आणि चारी बाजूंनी वादळ, हे पाहिलं नाहीस. हळद एकीकडून आली, कुंकू दुसरीकडून. माझ्या कपाळाला सोडून सगळीकडे लागलं. आम्ही दोघी पांढऱ्याच्या गुलाबी आणि गुलाबीच्या भगव्या झालो. मी दार ढकललं, तर वाऱ्याची फेरी संपेपर्यंत ते उघडत नाही. वर लाल दिवा लागला, भोंगा वाजायला लागला, आणि काचेपलीकडे अख्खा कुटुंबमेळावा मोबाइल वर धरून उभा. मी भूमिकाकडे पाहिलं. तिचे फक्त डोळे दिसत होते. ते रागावलेत का रडतायत हे मला कळेना, कारण तीन वर्षांत मी ते नीट पाहिलेच नव्हते.

आतलं दार उघडलं नाही, म्हणून यंत्रांपर्यंत काही गेलं नाही, हे नशीब. वारा थांबला, बाहेरचं दार उघडलं. सुमंत साहेब समोर. मी काही बोलायच्या आत भूमिका म्हणाली, 'सर, चूक माझी आहे. मी त्यांना नीट विचारायला पाहिजे होतं.' दादा, मी गप्प उभी राहिले, आणि गप्प उभं राहणं मला येत नाही हे तू जाणतोस.

तोंड धुऊन झाल्यावर मी भूमिकाला चहाला पाठवलं आणि एकटीच साहेबांच्या खोलीत शिरले. म्हटलं, 'साहेब, डबी माही, हात माहा. पोरीच्या नोकरीले धक्का नका लावू.' ते म्हणाले, 'काकू, कोठडी धुऊन निघेल. खरं सांगू, त्या डबीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटतंय. आम्ही भूमिकाला गुजरातेतल्या मोठ्या कारखान्यात शिकायला पाठवत होतो. सहा महिने. आम्ही इथे आयत्या चकत्या आणतो, तिथे त्या मुळापासून घडवतात. परत आली असती तर इथलं नवं खातं तिच्याकडेच दिलं असतं. तिने नाही म्हटलं. पण कारणच असं होतं की आग्रह करता येईना.' मी विचारलं, कारण काय? साहेब एकदम चाचरले. चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, 'सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, असं कळलं होतं.'

अंथरुणाला खिळलेली मी त्यांच्यासमोर उभी होते. सकाळपासून त्यांना प्रश्न विचारून दमवलं होतं, दोनदा जेवणाच्या टेबलाशी गेले होते, आणि माझ्या कानामागे अजून हळद होती. मी विचारलं, 'ती जागा दुसऱ्याले दिली काय?' ते म्हणाले, 'नाही. महिनाअखेरपर्यंत थांबतो आहे.'

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले, भूमिका शेजारी. कारखान्यातले लोक आमच्याकडे पाहून तोंड फिरवून हसत होते. मी म्हटलं, 'काहून वं, मले अंथरुणाले खिळवून टाकलं तू?' ती दचकली. मग हळूच म्हणाली, 'मी नाही जी, आई. यांनी सांगितलं, असं म्हण. नुसतं नाही म्हणून चालत नाही, काहीतरी कारण द्यावं लागतं.' यांनी म्हणजे आपल्या बंटीने. मी विचारलं, 'अन् तुले जायचं होतं काय?' तिने पिशवीची चेन उघडली, परत लावली. मी पुन्हा विचारलं, 'तिथं असं काय हाय, जे इथं नाही?'

दादा, तिथून ती जी बोलायला लागली ती मानेवाडा येईपर्यंत. मुशीत लालभडक सिलिकॉनचा रस असतो. वरून पेन्सिलीएवढा एक स्फटिक सोडतात, तो बियाणं. त्याचं टोक रसाला टेकवायचं आणि फिरवत फिरवत वर ओढायचं, इतकं सावकाश की डोळ्यांना हललेलं कळू नये. रस त्या बियाण्याला धरतो, आणि त्याची मांडणी जशी, अगदी तशीच मांडणी धरत जातो. 'तुम्ही दोऱ्यावर खडीसाखर जमलेली पाहिली असेल ना, तसं,' ती म्हणाली. वाढत वाढत माणसाहून उंच खांब होतो, आणि तो अख्खा खांब म्हणजे एकच एक स्फटिक, कुठे सांधा नाही. सगळं वजन वरच्या त्या बोटाहून बारीक मानेवर लटकतं. मध्येच काही धक्का लागला, काही कचरा पडला, तर मांडणी मोडते आणि सगळं पुन्हा वितळवावं लागतं. मग हिऱ्याचे कण लावलेल्या तारेने त्याच्या पापडाहून पातळ चकत्या. त्या चकतीवर डोळ्यांना न दिसणारे डोंगर कोरतात, म्हणजे आत आलेला उजेड डोंगराडोंगरांत अडकतो, बाहेर पडत नाही. ती हातवारे करत होती. भट्टीजवळ उभं राहून ती पहिली मान धरताना पाहायची आहे, म्हणाली, तिथे सगळं ठरतं. बाहेर बुटीबोरीच्या चिमण्या मागे गेल्या, विमानतळाचे दिवे गेले, मला कळलंही नाही. ही मुलगी माझ्या घरात इतके दिवस राहते, आणि तिच्याजवळ एवढं सांगण्यासारखं होतं!

शेवटी मी तिला विचारलं, 'कोठडीत तू रडून राहिली होती का रागावली होती?' तर तिने तोंडावर ओढणी धरली आणि ती अशी हसायला लागली की पुढच्या सीटवरचे लोक वळले. ती हसूच दाबत होती म्हणे, भोंगा वाजल्यापासून.

वाणाचं म्हणशील, तर यमुताईंना मी चंद्र आणि मात्रेचा फरक फळ्याशिवाय समजावून सांगितला. त्यांना तो कळला नाही. मग सीताबर्डीला जाऊन उलथणी घेतली आणि बायकांना दिली, प्रत्येकीला एक, आणि सोबत धानाच्या कोंड्यावर थोडं भाषण. भाषण कोणी मागितलं नव्हतं, पण वाण आहे म्हटल्यावर कोणी उठूनही गेलं नाही.

बाकी सर्व क्षेम. वहिनीला नमस्कार, लहानमोठ्यांना आशीर्वाद. पेढ्यांचं कळव.

तुझी बहीण,
जयवंता

ता. क. ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहायचंच राहिलं. रविवारी सकाळच्या एसटीने इकडे ये. बंटी माझ्यासमोर मान हलवतो आणि ऐकत नाही, पण मामासमोर अजून चूळ भरल्यासारखा गप्प बसतो. त्याला सांग, बायकोला गुजरातला जाऊ दे. त्याच्या आईला आजारी पाडल्याबद्दल चार शब्द वेगळे ऐकव. मी सांगितलं म्हणून आलास असं म्हणू नकोस. दवाखान्याचं काम होतं म्हण.

ता. क. (गुरुवार) पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं ते बरंच झालं. दवाखान्याचं काम रद्द. जेवताना मीच विषय काढला. बंटी म्हणाला, 'आई, भूमिका गेल्यावर तुह्यं कोण पाहीन?' मी म्हटलं, 'माह्यं काय पाहायचं असते रे? तुह्या डब्यापासून रुमालापर्यंत तर तेच पाहून राहिली.' तो वरणात बोट फिरवत बसला. मग, दादा, चांगला बाप्या माणूस, खाली पाहून म्हणाला, 'मले करमणार नाही तिच्याबिगर.' एवढंच होतं रे! एवढं सांगायला लाज वाटली म्हणून त्याने मला अंथरुणात घातलं. भूमिका पोळी लाटता लाटता थांबली. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं असणार. थोड्या वेळाने तोच म्हणाला, जा तू, साहेबांना फोन कर. तिने लगेच केला. तेव्हा रागवायला येऊ नकोस. मात्र तू आणि वहिनी दोघं सहा महिन्यांत अधूनमधून येऊन बंटीजवळ राहा. त्याला एकटं ठेवू नये, त्याला वरणसुद्धा लावता येत नाही.

ता. क. मी असताना तो एकटा कसा, असं तुझ्या मनात आलं असेल. मी नसणार. कंपनी भूमिकाला दोन खोल्यांचं घर देते आहे आणि एवढं सगळं ऐकल्यावर ती भट्टी न पाहता मला इथे बसवणार नाही. सुमंत साहेबांना मी गुपचूप फोन करून विचारलं, ते म्हणाले, डबी आणणार नसाल तर पाहू. बंटीला सांगून झालं. भूमिकाला मात्र अजून सांगितलेलं नाही. ते तेवढं तू सांग. तू मोठा आहेस, तुला ती नाही म्हणणार नाही. मला म्हणेल, आता आमचं बोलणं सुरू झालंय ना.